टिपांसकट

मथुरा पटले हथखोजच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली, त्याला चौदा वर्षं झाली. तिथल्या प्रत्येक मशिनची माहिती कंपनीच्या विकीवर तिनेच चढवली होती. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची सगळ्यांची वही. कोणीही उघडावी, वाचावी, खाली आपली टीप लिहावी.

ती वही जुनी झाली, रडतखडत उघडू लागली. मग रायपूरच्या ऑफिसातून समीक्षा नावाची तरुण इंजिनिअर आली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिने आठशे पानं नव्या प्लॅटफॉर्मवर हलवलीसुद्धा.

मथुराने हौसेने हायड्रॉलिक प्रेसचं पान उघडलं. मजकूर जागेवर होता, पण त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"मॅडम, खालचं सगळं मांगंच रायलं," ती म्हणाली.

समीक्षाला त्या टिपा म्हणजे नुसत्या गप्पा वाटल्या होत्या. मथुराने जुनं पान उघडून प्रेसवरच्या जुन्या कामगाराची, भैयालालची, टीप दाखवली. प्रेस थंड असेल तर पहिले तीन ठोके रिकामे मारा, नाहीतर तेल अडवणारं सील फाटतं, असं तिच्यात होतं. मशिनच्या छापील पुस्तकात हे कुठेच नव्हतं. समीक्षाने टीप दोनदा वाचली, खुर्ची ओढून मथुराजवळ बसली आणि ऑफिसकडून दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

दोघींनी टिपा निवडायला घेतल्या. त्यांत समोसे कोणी संपवले, अशी जुनी भांडणंही निघाली. ती वाचून हसून हसून पुरेवाट झाली. पण भैयालालच्या चाळीस टिपांतल्या आज किती खऱ्या, हे त्यालाच ठाऊक. रिटायर होऊन तो सुपेल्यात राहत होता. मथुराने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो स्कूटरवर हजर झाला.

मथुरा एकेक टीप वाचायची. तो मशिनला हात लावून सांगायचा, ही राहू दे, ही काढ, इथली मोटर बदलली. कामगार भोवती जमले. एका टिपेशी तो थबकला आणि खो खो हसू लागला.

"हे तं मीच चुकीचं लिवलं होतं. इतकी वर्षं कोनी टोकलं नाही मले."

"खोडून टाकू का, दादा?"

"चूक खोड. नाव राहू दे."

नवी वही सुरू झाली, तेव्हा प्रत्येक टीप लिहिणाऱ्याच्या नावासकट तिच्यात होती. पुढची टीप कशी लिहावी हे सांगणारं एक पान मात्र अजून रिकामं होतं. समीक्षाने कीबोर्ड मथुराकडे सरकवला.

"मथुराताई, हे तुम्हीच लिहा."

आजवर मथुराने दुसऱ्यांचंच टाइप केलं होतं. तिने तासभर खपून बारा ओळी लिहिल्या. घरी आल्या आल्या, चप्पल न काढताच, तिने नवऱ्याला हाक मारली. बळीरामने मोबाइलवर ते पान वाचलं, वरचं बायकोचं नाव पुन्हा वाचलं आणि शेजारच्या गयाबाईंना दाखवायला तो तसाच बाहेर गेला.