थॅलियमच्या दिवशी

सौसरच्या मुलींच्या शाळेत नलिनी मॅडम खो-खो शिकवायच्या. पदर खोचून, शिट्टी तोंडात धरून पोरींच्या मागे स्वतःही धावायच्या. पन्नाशी उलटली तरी मैदानात त्या कोणाच्या हाती लागत नसत. म्हणून शाळेचा जिना चढताना पहिल्यांदा दम लागला, तेव्हा त्यांनी तो वयावर ढकलला. मग छातीत जड वाटायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो साफ आला. ॲसिडिटीच्या गोळ्या मिळाल्या. "टेन्शन घेऊ नका," एवढंच डॉक्टर म्हणाले.

एक दिवस मैदानातच त्या मटकन खाली बसल्या. नवरा मोरेश्वर वीज खात्यात होता, तसा शांत माणूस. त्या दिवशी मात्र त्यानं काही ऐकलं नाही, सरळ नागपूरला नेलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी थॅलियम टेस्ट सांगितली. नाव थॅलियमचं राहिलं, पण आम्ही टेक्नेशियम हा दुसरा धातू वापरतो, असं त्यांनी समजावलं. किरणं सोडणारा हा धातू शिरेतून द्यायचा. रक्तासोबत तो हृदयात जातो. जिथं रक्त पोचतं तो भाग कॅमेऱ्यात उजळतो, जिथं पोचत नाही तिथं काळोख. आधी स्वस्थ पडून फोटो, मग ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर पळवून दुसरा. नलिनीबाई छातीत कळ येईपर्यंत पळल्या.

"घरी कोणी गरोदर आहे का?" टेस्ट झाल्यावर नर्सनं विचारलं.

"लेक आली आहे बाळंतपणाले. सातवा लागला."

"मग उद्या सकाळपर्यंत तिच्यापासून लांब राहा. जवळ जायचं नाही."

नलिनीबाईंनी आयुष्यभर पोरींना नियम पाळायला शिकवलं होतं. चार वाजता घरी पोचल्या त्या समोरच्या खोलीतच थांबल्या. लेक वृषालीनं आतून विचारपूस केली, त्यांनी बाहेरून उत्तरं दिली. मोरेश्वर औषधं आणायला बाजारात गेला.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली. "आई, इकडे ये न. पोट दगडासारखं झालं."

त्या धावत दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. वृषाली ओटा धरून वाकली होती. पायाशी रक्त होतं. तिनं हात पुढं केला.

"धर न मले."

"बेटा, मी जवळ नाही येऊ शकत. खाली बस, डिंपलले बोलावते."

डिंपल शेजारची सून. ती आली, तिनं वृषालीला सावरलं, आपल्या नवऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. नलिनीबाई दारात उभ्या राहिल्या, गाडीत बसल्या नाहीत. मुलगा झाला तो मेलेलाच. बाळाला पोसणारी वार आतल्या आत सुटली होती.

वृषालीचं सासर पांढुर्ण्याचं, कापसाच्या व्यापारातलं. सासू भेटायला आली आणि चार बायांसमोर म्हणाली, "थे किरणं अंगात घेऊन घरात आली, अन् लेकराचा जीव गेला." प्रसूतीच्या डॉक्टरांनी तसं काही नसतं म्हणून सांगितलं, पण ते कोणी कानावर घेतलं नाही. वृषाली सासरी परत गेली आणि त्यानंतर फोन फक्त वडिलांनाच करायची.

रिपोर्ट घ्यायला गेल्यावर नलिनीबाईंनी नागपूरच्या डॉक्टरांना खरं काय ते विचारलं.

"किरणांचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिला धरलं असतं तरी काही झालं नसतं. नियम तासन्‌तास शेजारी बसण्या-झोपण्यासाठी असतो. अशा वेळी आईनं जवळ जायला हरकत नव्हती."

मग त्यांनी फोटो दाखवले. स्वस्थ असताना हृदय सगळं उजळ, पळाल्यावर पुढची भिंत काळी. "स्नायू जिवंत आहे, उपाशी आहे. लवकर हृदयाची तुंबलेली नळी उघडू, वाचेल."

नलिनीबाई नंतर पाहू म्हणाल्या. मोरेश्वरनं घरी पुष्कळ समजावलं.

"तिचं लेकरू गेलं, अन् मी आपलं दिल दुरुस्त करत बसू?" त्या म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा निघू दिला नाही. गोळ्या कधी घेत, कधी नाही.

पुढल्या हिवाळ्यात प्रार्थनेच्या वेळी त्या शाळेत कोसळल्या. मोठा अटॅक होता. त्यातून वाचल्या, पुन्हा तीच टेस्ट झाली. वडिलांच्या फोनवर धावत आलेली वृषाली या वेळी सोबत होती. पुढची भिंत आता स्वस्थ असतानाही काळीच होती.

"हा भाग मेला आहे," डॉक्टर म्हणाले. "आता नळी उघडून उपयोग नाही. पहिल्या वेळीच उघडली असती तर..."

बाहेरच्या बाकावर वृषालीनं विचारलं, "डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं न? मग काऊन नाही केलं?"

नलिनीबाई रिपोर्टाचा लिफाफा पिशवीत सारू लागल्या.

"माझ्यामुळे?"

"तुह्यामुळे नाही. मले वाटलं, मले दुखलं पाहिजे."

वृषाली मग म्हणाली, "मीही तेच म्हणत होती. तोंडानं नाही, मनात."

त्यानंतर ती दर रविवारी पांढुर्ण्याहून यायची, गोळ्या लावून द्यायची, पायाची सूज पाहायची. बोलणं तेवढ्यापुरतंच. नलिनीबाईंनी शाळा सोडली. दोन खोल्यांत चालतानाही मध्ये खुर्ची लागायची. एक उन्हाळा निघाला. पोळ्याच्या आसपास एका दुपारी, मोरेश्वर पाणी आणायला आत गेला तेवढ्यात, खुर्चीतच त्यांचं सरलं.

दहाव्या दिवशी, दसव्याला, वृषालीची सासू आली. बायांमध्ये बसून म्हणाली, "लय मोठ्या मनाची बाई होती."

वृषाली उठली, मागच्या अंगणात गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. तिला आत बोलवायला कोणी गेलं नाही.