तळ्यातला महाल आणि मी मारलेली हाक

राहात्याहून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हाच ह्यांनी बजावलं, "या खेपेला नातेवाईक नकोत. फक्त शहर बघायचं." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बारशी आणि कोर्टाच्या तारखा सोडून आम्ही नगर पाहिलंच नव्हतं.

उड्डाणपुलावरून शहर एकदम अंगावर आलं. पुढं काचेची शोरूम, मागं डोकावणारे काळे घुमट. भुईकोट (सपाट जमिनीवरचा किल्ला) पाहिला, मिसळ खाल्ली. ह्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी "तिखट कुठंय?" चालूच.

दुपारी रिक्षानं तळ्यातल्या महालाकडे गेलो. तळं कधीच आटलंय, आता तिथं बाभळी आहेत. मधोमध अष्टकोनी महाल, आणि त्याच्या कमानींतून पलीकडचे नवे टॉवर दिसतात. बाहेर पेरू विकणाऱ्या बाईंनी मला थांबवलं.

"ताई, आत चुकामूक झाली तर मालकाचं नाव घिऊन हाक मारा. नुसतं अहो म्हनू नका."

"का हो?"

"नुसत्या अहोला कुनीबी ओ देतं," पेरूला तिखटमीठ लावत त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. ह्यांचं नाव मी घेतलं असेल तर उखाण्यातच.

आतल्या सगळ्या खोल्या सारख्याच. मी कोनाड्यातली नक्षी पाहून वळते, तर फोटो काढत पुढं गेलेले हे गायब. बाहेरचे हॉर्नसुद्धा ऐकू येईनात. सवयीनं तोंडातून गेलं, "अहो!"

"ओ," वरून उत्तर आलं.

अंधारा जिना चढले. "अहो, कुठं आहात?"

"ओ."

आवाज ह्यांचाच, पण तरुण. लग्नानंतरचे दिवस आठवून मी वेडी चक्क लाजले. पुढच्या दारात उजेड होता. तिकडे पाऊल टाकणार, तोच चपलेखालचा खडा निसटला आणि बऱ्याच वेळानं खाली आपटला. दारापलीकडे जमीनच नव्हती.

भिंतीला चिकटले. मी हाकही मारली नव्हती, तरी समोरच्या रिकाम्या हवेतून पुन्हा, अगदी प्रेमानं, "ओ" आली.

जीव खाऊन ओरडले, "प्रभाकर!"

"अगं, आलो!" हे खालून धापा टाकत आले. त्यांच्या शर्टात तोंड खुपसून मी रडले.

परतीच्या एसटीत राहाता येईपर्यंत मी त्यांचा दंड सोडला नाही. नगर देखणं आहे, जरूर बघा. पण घरी आल्यापासून मी ह्यांना नावानंच हाक मारते. नणंदेनं नाक मुरडलं. मुरडू दे.

परवा चहा घेताना एकदाचं विचारलं, "मी अहो-अहो करत होते, ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का?"

"आलं होतं की. ओ देणार, तेवढ्यात माझ्याआधी कुणीतरी दिली. मला वाटलं, त्याचीच बायको असेल."