सुरुवात भिंतीपासून

घरातली विजेवरची कुठलीही वस्तू रुसली की सुभेदार आधी चपला काढायचे, आमचा लाकडी पाट पायाखाली ओढायचे आणि त्या वस्तूकडे चक्क पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे. "वहिनी, सुरुवात भिंतीपासून." मग तो कूलर असो, मिक्सर असो, नाहीतर देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच बघा. त्याच्यावाचून अडतं, आणि त्याची मदत घेता घेता आपला जीव मेटाकुटीला येतो.

मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत वायरलेसवर नोकरी, शेवटची बदली जयपूरला, आणि निवृत्त झाल्यावर विद्याधर नगरात आमच्या समोरच घर घेऊन राहिले. एकटेच. शर्टाच्या एका खिशात होल्डरला दोन वायरी लावलेला बल्ब, दुसऱ्या खिशात तसाच स्कूटरचा छोटा बल्ब. त्यांना ते 'साक्षीदार' म्हणायचे. "माणूस खोटं बोलंल वहिनी, साक्षीदार न्हाई बोलत." आणि खरंच, कुणाच्या घरचा बिघाड त्यांनी कधी लपवला नाही की वाढवून सांगितला नाही. आमच्या ह्यांनी इस्त्री आपटली होती तेव्हा चारचौघांत सांगितलं, "साहेबांनी पाडली."

तर त्या वर्षी मी नाटक लिहिलं. हसू नका. साठीला टेकलेली बाई, शाळा अर्धवट सुटलेली, आणि मुलाने बंगळूरला जाताना मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत टाईप करायला शिकलेली. मराठी मंडळाच्या कोजागिरीसाठी मुलांचं नाटक. आमची इथली मुलं म्हणजे निम्मं बोलणं हिंदी. "काकू, मतलब मी इथून येऊ का?" असली. म्हणून प्रत्येकाचं वाक्य त्याच्या जिभेला बेतून शिवलेलं. ज्याला 'ळ' जमत नाही त्याच्या तोंडी 'ळ' नाही. जी घाबरते तिची वाक्यं तीन शब्दांची. पहिला भाग मुलांना वाटून झाला होता. दुसरा भाग आणि शेवट फक्त मशीनच्या पोटात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन बंद. चार्जर लावला, दिवा लागेना. काढला, लावला, फुंकर मारली, उलटा केला. काही नाही. बाजारातल्या दुकानात नेला, तर तिथला दादा उघडूनसुद्धा न बघता म्हणाला, "माताजी, मदरबोर्ड गया. दिल्ली भेजना पड़ेगा, पंद्रह दिन." पंधरा दिवस! कोजागिरी चार दिवसांवर. घरी आले तर हे पेपरामागून म्हणाले, "सांगत होतो, वहीत लिही. पण तुला मशीन पाहिजे." विमा कंपनीत आयुष्य काढलेला माणूस, धोक्याची सूचना आधी दिली होती याचाच त्यांना आनंद. वर, "कुठेतरी सांडलं असशील काहीतरी. कबूल कर."

"काही सांडलं नाही!" मी ओरडले. वही घेऊन बसले, तर एक वाक्य धड आठवेना. कुणाचा 'ळ' काढला होता आणि कुणाचा ठेवला होता, सगळं डोक्यात कालवलं गेलं.

सकाळी सुभेदार हजर. न बोलावता. लॅपटॉप टेबलावर मेल्यासारखा पडलेला, आणि हे गृहस्थ पाट ओढून भिंतीकडे.

"अहो सुभेदार, मशीन इकडे आहे."

"ते कुठं पळतंय? सुरुवात भिंतीपासून."

मोठा साक्षीदार भिंतीतल्या प्लगला लावला. पेटला. "भिंत ठीक." मग चहा प्यायले. मग एक्स्टेन्शन बोर्डाची तीनही भोकं एकेक तपासली, जरी मी सांगत होते की मी ते वापरतच नाही. "असू द्या. हाय तर बघायचं." मग वायर, बोटांनी इंच इंच चाचपत, जपमाळ ओढावी तशी. मग तो काळा ठोकळा, त्याला उलटा हात लावून, "गरम हाय. जिता हाय." छोटा साक्षीदार पिनेला टेकवला, तोही पेटला. अकरा वाजून गेले. माझी आमटी उतू गेली. शेवटी माझा बांध फुटला.

"जमत नसेल तर तसं सांगा हो! तीन दिवस राहिलेत. मुलं संध्याकाळी येऊन विचारतील, काकू, पुढे काय, तर मी काय सांगू?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, इथवर सगळं चांगलं निघालं. म्हंजे बिघाड आता ह्या चार बोटांत कोंडलाय. जाणार कुठं?"

मग मशीन उलटं करून बॅटरी काढली. खिडकीच्या उजेडात धरून चार्जरच्या भोकात डोळा घातला. "पिन पुरी आत जात न्हाई. सुई द्या."

गोधडीची सुई दिली. बराच वेळ काहीतरी टोकरत होते. मग तळहात पुढे केला. त्यावर तांदळाची एक कणी. लाल. कुंकवाची.

तुमच्या लक्षात आलं असेलच. दसऱ्याला मी पुस्तकं मांडली, कात्री मांडली, ह्यांचं पेन मांडलं आणि मधोमध पाटावर लॅपटॉप उभा टेकवला, चार्जरचं भोक असलेली मागची बाजू वर करून. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, आणि नाटक चांगलं होऊ दे म्हणत मूठभर अक्षता. मनापासून वाहिल्या हो.

"देवीनं घेतलं न्हाई, मशीननं खाल्लं," सुभेदार हळूच म्हणाले. बॅटरी बसवली, पिन लावली. दिवा लागला.

तेवढ्यात हे आतून आले. "लागला? काय झालं होतं? हिनेच काहीतरी..."

सुभेदारांनी मूठ मिटली. "काय न्हाई साहेब. भिंतीतला स्विच ढिला हाय. बदलायला पायजे."

ज्यांच्या तोंडून बिघाडाबद्दल कधी खोटा शब्द निघाला नाही, ते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ह्यांनी दुपारीच नवा स्विच आणला आणि सुभेदारांनी पाटावर उभं राहून, अगदी गंभीर चेहऱ्याने, चांगला स्विच काढून नवा बसवला.

नाटक झालं. कोण कुठे अडखळलं ते आता आठवत नाही. दिव्यांची बटणं सुभेदारांच्या हातात होती, आणि सुरू व्हायच्या आधी ते मंडपाच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते, एवढं आठवतं.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते गावी भावाकडे गेले. जाताना छोटा साक्षीदार माझ्या हातावर ठेवला. दोन वर्षांनी तिकडून फोन आला तो ते गेल्याचाच. समोरच्या दाराला अजून कुलूप आहे.

मशीन नवं आलं. दसऱ्याला मी अजून पाट ओढते, त्यावर उभी राहते आणि आधी त्या स्विचला हळदीकुंकवाचं बोट लावते. हे दर वर्षी विचारतात, "अगं, तो तर तेव्हाच बदलला ना?"

"हो," मी म्हणते, "पण सुरुवात भिंतीपासून." आणि अक्षता मुठीतच ठेवते.