शेवटची दहा मिनिटं

गुरुवारी दुपारी चारला आमच्या पेपराचं सिनेमाचं पान छपाईला जायचं आणि सिनेमा लागायचा शुक्रवारी. म्हणजे सांगलीतल्या कुणीही तो बघायच्या आधी मी त्याचं परीक्षण लिहून मोकळी झालेली असायचे. ते कसं काय, असं मला कधी कुणी विचारलं नाही. मुंबईच्या मोठ्या पेपरवाल्यांना आधी बोलावून सिनेमा दाखवतात, जिल्ह्याच्या पेपराला कोण कुत्रं विचारतंय! मग सकाळी नेटवर चार-पाच इंग्रजी परीक्षणं वाचायची, सगळ्यांचा सूर एकच दिसला की तो उचलायचा, वरून आपली फोडणी घालायची, तारे द्यायचे आणि चहाला जायचं. मराठी-हिंदी सिनेमे मी नंतर खरोखर बघायचे. इंग्रजीसाठी कोण जातंय? मला त्यात काही पाप वाटत नव्हतं. उलट हुशारी वाटायची, हे जास्त वाईट.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, यातलं काही माहीत नव्हतं. ते फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. औंधजवळच्या आमच्या गावात सकाळी डेअरीला दूध घालून झालं की तिथल्याच कट्ट्यावर चार-पाच निवृत्त फौजी बसतात. एक जण पेपर मोठ्यानं वाचतो, बाकीचे ऐकतात. शुक्रवारी पेपर आबांच्या हातात. दुसऱ्या कुणाला हातच लावू द्यायचे नाहीत. अग्रलेख गेला खड्ड्यात, आधी माझं परीक्षण. जे सिनेमे त्या कट्ट्यावरचं कुणी जन्मात बघणार नव्हतं, त्यांचे तारे सगळ्यांना तोंडपाठ. "पोरीनं बघून लिवलंय," असं आबा शेवटी न चुकता म्हणतात, हे मला आईनं सांगितलं होतं. मी हसले होते.

आता त्या सिनेमाचं सांगते. पहिला भाग आला तेव्हा मी सुट्टीवर गावी होते. आबांचा दात दुखत होता म्हणून त्यांना साताऱ्याला घेऊन गेले, तर डॉक्टर तीनशिवाय येणार नाहीत असं कळलं. वेळ काढायला म्हणून आम्ही थेटरात शिरलो. परदेशी सिनेमा, हिंदीत डब केलेला, प्रचंड खर्चाचा. अंतराळयान, बर्फाचा ग्रह, सगळा डामडौल. आबा पहिला अर्धा तास चक्क घोरत होते. मग सिनेमातल्या ग्रहावर वादळ आलं आणि ते जागे झाले. शेवटाला यान उडवावंच लागतं आणि एक मेकॅनिक खाली राहून जातो. बर्फात उभा राहून तो वर बघत हात हलवतो, आणि तिथंच सिनेमा संपतो. लोक उठून गेले, झाडूवाली आली, तरी आबा जागचे हलेनात. मी म्हटलं, "आबा, दात!" तर म्हणाले, "थांब गं जरा."

परतीच्या एसटीत, रहिमतपूर मागं गेल्यावर, ते आपणहून बोलायला लागले. आयुष्यात एकदाच.

"वर बर्फातल्या पोस्टवर आमी सा जण हुतो. खाली उतरायचा हुकूम आला आन हवा बिघडली. माजा जोडीदार मागं पडला. म्या म्हणलं, परत जातो. सायेब म्हणालं, एकाच्या पाई दुसरा घालवायचा न्हाई. आलो आमी खाली."

"मग?"

"मग काय. घावलाच न्हाई त्यो."

मग त्यांनीच विचारलं, "ह्याचा दुसरा भाग काढत्यात न्हवं? त्यात येनार बघ ह्यो. घरी येनार." एवढं म्हणून त्यांनी डोक्याची टोपी तोंडावर ओढली आणि झोपल्याचं सोंग केलं.

पुढची सहा वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर एकच प्रश्न. पीकपाण्याचं, आईच्या गुडघ्याचं झालं की हळूच, "आला का गं दुसरा?" मी चेष्टा करायचे. म्हणायचे, आबा, तुमचा मेकॅनिक काय पगारी रजेवर गेलाय होय! ते नुसते हसायचे. मला त्या हसण्यातलं काही कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण कामाच्या गडबडीत ते बाजूला राहायचं.

अखेर दुसरा भाग आला. आबांनी आधीच ठरवून टाकलेलं, की रविवारी जीप करून डेअरीवरची सगळी मंडळी सांगलीला येणार, मीही त्यांच्याबरोबर बसणार. आईनं सांगितलं, इस्त्रीचा शर्ट चार दिवस आधी काढून ठेवलाय. गुरुवारी मी नेहमीप्रमाणे परीक्षणं उघडून बसले. सगळ्यांनी सिनेमा धुऊन काढला होता. पैसा पाण्यासारखा ओतलाय पण जीव नाही, लांबण लावलीय, आणि शेवटची दहा मिनिटं तर नुसती रडारड. त्या दहा मिनिटांत काय आहे ते एकानंही फोडलं नव्हतं, तसं न सांगण्याची रीतच असते. मी खटाखट टाइप केलं, 'शेवटची दहा मिनिटं तर कात्री लावण्याच्याच लायकीची.' वाक्य मला भारी आवडलं. दोन तारे दिले.

साडेतीनला आबांचा फोन आला. पान जायला अर्धा तास, उपसंपादक डोक्यावर उभा.

"बघितलास का गं?"

"हो."

"मग त्यो पोचला का घरी? मागं ऱ्हायलेला?"

मला माहीत नव्हतं. तेवढं सांगायला काय झालं होतं? आबा, मी बघितला नाही, रविवारी आपण मिळून बघू. एका वाक्याचं काम. पण मग 'हो' म्हटलेलं खोटं पडलं असतं. मी समोरच्या पोस्टरवर नजर फिरवली, कलाकारांची यादी बघितली, त्यात मेकॅनिक झालेल्या नटाचं नाव कुठंच नव्हतं. म्हटलं, "नाही आबा. मेलाय तो. दुसऱ्या भागात नाहीच."

पलीकडनं आवाज आला, "व्हय का. मेला म्हण."

"आणि सिनेमापण भिकार आहे. एवढ्या लांब कशाला दगदग करताय?"

"तू म्हणतीस तर ऱ्हायलं."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रविवारी कपडे धुतले, ताणून झोपले. पुढच्या शुक्रवारी तो सिनेमा उतरलासुद्धा. आबांनी परत कधी दुसऱ्या भागाचा विषय काढला नाही. फोनवर पीकपाणी आणि आईचा गुडघा झाला की म्हणायचे, "ठिवतो मग."

माघात एके दिवशी ते रानात पाणी बघायला गेले, बांधावर टेकले आणि तिथंच गेले. मी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. त्या दिवसाचं मला जास्त लिहिता येत नाही.

वर्षश्राद्धाला गावी गेले. पाहुणे पांगल्यावर, दुपारी आई आडवी झाली तेव्हा, मी लॅपटॉप उघडला. सिनेमा आता घरबसल्या बघायला मिळत होता. आबांची आठवण काढायची तर दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. परीक्षणं खोटी नव्हती, सिनेमा खरंच रटाळ होता. दोन तास यानं उडत होती, फुटत होती. मी दोनदा बंद करायला निघाले होते.

आणि मग शेवटची दहा मिनिटं आली. एक म्हातारा, छातीपर्यंत दाढी, एका घराच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. आत जायचं त्याला धाडस होत नाही. दार उघडून एक बाई येते, बघते, ओळखते. कुणी काही बोलत नाही. तो आत येतो, बूट काढतो, टेबलाशी बसतो, ती वाढते आणि तो सावकाश जेवतो. दहा मिनिटं नुसता एक माणूस घरी येऊन जेवतोय. तोच होता, मागं राहिलेला. लोकांना शेवटी धक्का बसावा म्हणून त्याचं नाव यादीत घातलं नव्हतं.

मी तोंडात पदर कोंबून रडले. आई उठून बसली, "काय झालं गं?" म्हणून विचारायला लागली. मला एवढंच बोलता आलं, "आई, तो आला होता गं." तिला काही समजलं नाही, पण तिनं मला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेले. कट्ट्यावर आता तिघंच उरलेत. त्यांच्यासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं. सिनेमा न बघता लिहिलं, आबांना फोनवर खोटं सांगितलं, सगळं. तिघंही खाली बघत होते. त्यातले हवालदार आबांचे सगळ्यात जुने दोस्त. ते म्हणाले, "सुभेदार वाचताना त्या कात्रीच्या वळीला थांबलं हुतं. म्हणलं, शेवटाला धा मिन्टं काय दावलं असंल रं? मग आपलं आपनच म्हणलं, जाऊ दे, पोरीनं बघितलंय."

मी कट्ट्याच्या कडेला बसले.

हवालदारांनी विचारलं, "मग पोचला व्हय त्यो?"

"पोचला."

"घरात?"

"घरात. जेवलासुद्धा."

त्यांनी मान हलवली, डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावले नव्हते, आवाजही चढवला नाही. "तवाच सांगायचं न्हाई का गं, बाळ," एवढंच म्हणाले.