बारावी खुर्ची

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी आमचे फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्यांत माझं नाव होतं. दुपारीच मी वजरीने टाचा घासल्या, नखं कापली. बायको म्हणाली, "अहो, पाय धुऊन घ्यायला चाललात की दाखवायला?"

चर्चमध्ये पोचलो तर वेदीपुढची शेवटची खुर्चीच उरली होती. तिच्यावर आपणहून कुणी बसत नाही. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाची ती खुर्ची, असं आम्ही लहानपणापासून चेष्टेत म्हणत आलोय. मी बसलो.

घंटा मघाशीच मुकी झाली होती, आता ती ईस्टरपर्यंत वाजणार नव्हती. परातीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा जवळ जवळ येत होता. म्हातारे फादर गुडघ्यांवर सरकत माझ्यापाशी आले आणि थबकले.

"घरूनच धुऊन आलास?" ते हळूच म्हणाले. "मग मी काय धुऊ?"

गाव मला चांगला माणूस म्हणून ओळखतं. ती ओळखही मी अशीच, रोज दाराआड घासूनपुसून बाहेर आणलेली. घासण्याआधीचा मी कोण, हे मी कुणाला पाहू दिलेलं नाही. प्रभूलाही नाही.

फादरांनी तरीही पाय धुतले, पुसले, त्यांवर ओठ टेकले. बाकीचे अकरा जण उठून जागेवर गेले. मला उठवेना. यहूदाचेही पाय प्रभूने असेच धुतले होते, आणि त्यानंतरच तो उठून बाहेर गेला होता.