बाणापासून मोजलेलं पाणी

भोरताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवसरी बुद्रुकच्या एका विहिरीवर वाकून टेप सोडत होतो. पिंपळवंडीहून त्यांचे भाऊ बोलत होते, "ताई सकाळी गेली... झोपेतच." मी "हो, हो" म्हणालो, आधी माप वहीत लिहिलं आणि मग काठावर मटकन बसलो. हा क्रम ताईंना पटला असता.

ताई सरकारी भूवैज्ञानिक होत्या. मी त्यांच्या हाताखाली नवा, तोही एम.एस्सी., शिवाय पहिला वर्ग, त्यामुळे डोक्यात हवा शिरलेली. टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची आणि खडू कुठवर भिजला ते वाचायचं, हे काम मला फारच हलकं वाटायचं. प्रत्येक विहिरीच्या काठावर लाल बाण रंगवलेला असतो. माप दर वेळी तिथूनच घ्यायचं, नाहीतर मागच्या मापाशी त्याचा मेळ लागत नाही.

आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरउतारावरच्या एका वाडीत आम्ही भर पावसात गेलो होतो. दरडीची भीती होती म्हणून ताई घरांच्या जोत्यांना तडे गेलेत का ते बघत होत्या, विहीर माझ्याकडे होती. बाणाच्या बाजूला गुडघाभर चिखल. समोरच्या बाजूचा काठ ढासळून खाली आला होता, पण तिथे उभं राहायला खडक होता. मी तिथूनच टेप सोडली. माप मागच्या आठवड्याइतकंच आलं.

"बाणापासून मोजलंस ना?"

"हो, ताई."

जीप घाट उतरायला लागली. ताईंचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी वळवा." माझे बूट जवळजवळ स्वच्छ होते.

चिखलात उभं राहून त्यांनी स्वतः मोजलं. पाणी आठवड्यात दीड फूट खाली गेलं होतं; मी उभा होतो तो ढासळलेला काठही तेवढाच खाली होता, म्हणून माझं माप जुळलं होतं. विहिरीच्या वर रानात शोधलं, तर गवताखाली जमिनीला लांबलचक भेग पडलेली. फोनला रेंज नव्हती. घरं रिकामी करायचा हुकूम काढणं ताईंच्या हातात नव्हतं, तरी त्या थांबल्या नाहीत. घरोघर फिरल्या. वाडीतले एक म्हातारबाबा आडवे आले. "बाई, तुमी शिकलाय काय, त्ये सांगा आधी. आमच्या आज्यापासनं डोंगर हितंच हाय. कवा पडला न्हाई."

"शिकलेय दगडामातीचंच, मामा. पण ते राहू द्या. एवढा पाऊस चालू असताना तुमची विहीर उतरलीय. ते पाणी कुठं गेलं, तुम्हीच सांगा."

बाबांनी विहिरीत डोकावून पाहिलं, वर डोंगराकडे पाहिलं. मग गोठ्याकडे गेले आणि बैल सोडले. दिवस मावळायच्या आत सगळी वाडी खालच्या आश्रमशाळेत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं चहा पीत असताना, उतार खाली आला. विहीर आणि वरच्या अंगाची चार घरं गेली. माणूस एकही गेला नाही.

ताई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यांनी कान धरून बाहेर काढलं असतं तर बरं वाटलं असतं. खडूची डबी माझ्यापुढे ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या विहिरी तूच मोज."

दहाव्यानंतर भावांनी त्यांची त्या पावसाळ्यातली वही माझ्या हाती दिली. त्या दिवसाच्या पानावर होतं, 'पहिले माप चुकीचे. पुन्हा घेतले.' नाव कुणाचंच नाही. मी खोटं बोललो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी मी ते माझ्या तोंडाने सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांत कितीदा त्यांच्याकडे जेवलो, आणि दर वेळी गिळून बसलो.

ऑफिसातल्या नव्या मुलांना मी विक्षिप्त वाटतो, कारण कागदाआधी मी त्यांचे बूट बघतो. परवा नव्याने रुजू झालेली एक मुलगी माप घेऊन आली. बूट कोरडे. मी विचारलं, "बाणापासून मोजलंस?"

"नाही सर. चिखल लई होता, गेलेच नाही तिकडं."

जे मला ताई जाईपर्यंत जमलं नाही, ते तिने उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी खडूची डबी उचलली आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.