ओढायचं नाही

“हात सैल सोड ना, मावशी,” हसना म्हणाली.

“सोडलाय की!”

हसनाने रहीमूच्या कोपराखाली आणि मनगटाखाली धरलेले आपले हात अलगद काढून घेतले. रहीमूचा हात जिथल्या तिथे, हवेत ताठ. वर्गातल्या पोरी फिसकन हसल्या. रहीमूने मान वळवून पाहिलं आणि तीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

“हा सोडलेला हात?” वर्ग घेणाऱ्या गिझलान उस्तादांनी विचारलं. “याच्यावर कपडे वाळत घालता येतील.”

तेतुआनच्या जुन्या शहरातल्या एका हम्मामात रहीमूने वीसेक वर्षं बायकांची अंगं घासली होती. काळा साबण, खरखरीत हातमोजा, गरम पाण्याच्या बादल्या. एक पाठ संपली की दुसरी पुढ्यात येऊन बसायची, आणि तिच्यामागची ओरडायची, “रहीमू, मी काय इथेच म्हातारी होऊ?” तिथे थांबणं नावाची गोष्टच नव्हती. मग हम्मामचा मालक वारला, पोरांनी जागा विकली, आणि अडतीस वर्षांची रहीमू घरी बसली. नवऱ्याशी केव्हाच फारकत झालेली, घर भावाचं, राज्य भावजयीचं. बसवेना म्हणून ती भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. शेवटी भावजय म्हणाली, “अगं बाई, माझ्या पातेल्यांचे तळ गेले. बाहेर पड कुठेतरी.”

शाळा पूर्ण झाली होती, तेवढ्यावर फिजिओथेरपी सहायकाच्या वर्गात तिला प्रवेश मिळाला. तिला वाटलं होतं, यात काय मोठंसं, अंग चोळणं तर आपल्याला येतंच.

पण इथे चोळू कोणी देईना. आधी म्हणे उभं कसं राहायचं ते शिक. पलंगाची उंची बघ. शेकाची पिशवी टॉवेलात गुंडाळ, ठेवलीस की पुन्हा पुन्हा उचलून कातडी बघ. दुसऱ्याचा हात वर न्यायचा तर जिथे तो स्वतःहून अडतो तिथे थांब, पुढे रेटू नकोस. आणि नजर हातावर नाही, चेहऱ्यावर. दुखतं ते आधी चेहऱ्यावर दिसतं. स्नायूंची फ्रेंच नावं पाठ होता होईनात ते वेगळंच. रहीमू बाकावर बसली की तिची टाच जमिनीवर ठकठक करायची. शेजारची पोरगी वैतागून तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची, की दुसरी टाच सुरू.

“उस्तादा, खऱ्या आजाऱ्यांकडे कधी न्यायचं आम्हाला?” ती रोज विचारायची.

“तू थांबायला शिकलीस की.”

न्यावं तर लागलंच, कारण सगळ्या वर्गाचीच वेळ आली. हिवाळ्यात त्यांना एका इस्पितळाच्या वॉर्डात पाठवलं. रहीमू आणि हसनाच्या वाट्याला आल्या बतूल, सगळ्यांच्या लाल्ला, म्हणजे बाईसाहेब. वय सत्तरीकडे झुकलेलं, अर्धांगाच्या झटक्याने शरीराची डावी बाजू गेलेली, जीभ मात्र शाबूत. उभा जन्म त्यांनी नवऱ्या सजवल्या होत्या. लग्नघरात त्यांचा हुकूम नवरीच्या आईलासुद्धा ऐकावा लागे. रहीमूला बघताच त्या म्हणाल्या, “तू हम्मामातली ना गं? माझ्या नवऱ्या मुलींच्या पाठी सोलून काढायचीस ती? या अल्ला, आता माझी पाळी!”

“तुमची कातडी जाड आहे, लाल्ला. काळजी नको,” रहीमू म्हणाली. वॉर्ड हसला. दोघींचं जमलं. दोघींनाही धीर नव्हता, म्हणून जास्तच जमलं.

एका दुपारी लाल्ला बतूलना खिडकीपाशी जायचं होतं. खाली रस्त्यावर ढोल-सनई वाजत होती. कुणाची तरी वरात. उस्तादा दुसऱ्या पलंगाशी होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “मी आल्याशिवाय उठवू नका. कमरेला पट्टा बांधून ठेवा.” हसना पट्टा शोधायला गेली. तो मिळेना.

“वरात निघून जाईल,” लाल्ला म्हणाल्या.

“आल्याच उस्तादा.”

“नवरी म्हातारी होईल तोवर. तुझ्या अंगात जोर नाही का गं? बादल्या उचलायचीस ना?”

रहीमूने उस्तादांकडे पाहिलं. ढोल पुढे सरकत होता. तिने लाल्लांच्या डाव्या काखेत हात घातला आणि हम्मामात निसरड्या फरशीवरून बाईला उठवायची तसा हिसका दिला.

लाल्ला बतूल अशा किंचाळल्या की पलीकडच्या वॉर्डातली माणसं दारात आली. झटक्याने निर्जीव झालेल्या हाताचा खांदा सैल असतो. त्याला धरून कधी ओढायचं नसतं. हे वर्गात शिकवलं होतं, रहीमूने तोंडानं म्हणूनही दाखवलं होतं. खांदा निखळला नाही एवढंच नशीब. पण कित्येक दिवस त्या हाताला बोट लावलं तरी लाल्लांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्या बाईला आधी सगळे वॉर्डाची सासू म्हणायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडू लागली.

गिझलान उस्तादांनी आरडाओरडा केला नाही. “आजाऱ्याला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाल्या. “वर्गात परत ये. पोरींना सरावाला अंग लागतं. ते तू दे.”

मग रोज सकाळी रहीमू पलंगावर आडवी. दुसऱ्या पोरी तिचे पाय वाकवत, खांदा फिरवत, कोनमापक लावून आकडे लिहीत. तिच्या पोटऱ्यांत मुंग्या येत. छताच्या डागांकडे बघून बघून जीव उबगला. पाचव्या-सहाव्या दिवशी ती ताडकन उठून बसली.

“उस्तादा, मी काय मढं आहे?”

“मढं तुझ्यापेक्षा बरं. ते निदान हात सोडतं. झोप.”

ती रागाने झोपली. पण पडल्या पडल्या तिला एक गोष्ट कळायला लागली. काही पोरींचा हात लागण्याआधीच तिचा दंड दगड व्हायचा. त्या घाईत असायच्या; तोंडानं गोड बोलायच्या, पण बोटं आधीच पुढच्या हालचालीवर पोचलेली. माझेही हात असेच लागत असणार, हे मनात आलं तेव्हा तिला घाम फुटला. हसनाचं वेगळं होतं. ती भित्री, म्हणून हात ठेवल्यावर क्षणभर थांबायची. एकदा त्या थांबण्यातच रहीमूचा हात जड झाला आणि सगळाच्या सगळा हसनाच्या तळव्यात पडला. इतका जड हात आपला आहे, हे रहीमूला ठाऊकच नव्हतं. खांद्यापासून बोटांपर्यंत वीस वर्षांचा शीण उतरला. ती घाबरून उठली आणि तोंड धुवायला निघून गेली.

महिनाभराने तिला वॉर्डात घेतलं ते शेकाच्या पिशव्या गुंडाळायला. लाल्ला बतूल तिच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. त्यांना उभं करायचं काम हसनाकडे होतं, आणि भित्री हसना त्यांनाच घट्ट चिकटून राहायची.

“ही पोरगी मला धरते की मी हिला?” एक दिवस लाल्ला कडाडल्या. “बोलवा त्या पाठ सोलणारीला!”

उस्तादांनी रहीमूकडे पाहिलं आणि पट्टा तिच्या हातात दिला. स्वतः हातभर अंतरावर उभ्या राहिल्या.

रहीमूने खुर्चीचे ब्रेक लावले. पट्टा बांधला. लाल्लांचा डावा पाय नीट जमिनीवर ठेवून आपल्या गुडघ्यांनी त्यांच्या गुडघ्याला टेका दिला. “पुढे वाका. नाक पायाच्या बोटांवर. आता उठा.”

लाल्ला जेमतेम वीतभर उठल्या आणि धपकन बसल्या.

“ओढ की जरा!”

“नाही.”

“नको तेव्हा ओढलंस, आता पाहिजे तर नाही म्हणतेस?”

“पुन्हा वाका, लाल्ला.”

रहीमूच्या दंडांत बळ नुसतं उसळत होतं. एक हिसका दिला असता तर ही बाई पिसासारखी उभी राहिली असती. तिने दात आवळले. पट्टा धरला, पण ओढला नाही. लाल्लांचं कपाळ तिच्या छातीशी टेकलं होतं, त्यांचा श्वास फाटत होता. दुसऱ्यांदाही जमलं नाही. लाल्ला तिसऱ्यांदा वाकल्या. आणि मग रहीमूला टेकलेल्या गुडघ्यात काहीतरी ढकललं गेल्यासारखं जाणवलं. त्या लुळ्या पायातून, बारीकसं. लाल्ला बतूल वर आल्या. वाकड्या, लटपटत, तोंडाने शिव्यांची माळ चाललेली, पण आपल्या पायांवर.

“चेहरा बघतेस ना?” उस्तादांनी मागून विचारलं.

“बघतेय.”

“कसा आहे?”

“भयंकर,” रहीमू म्हणाली, आणि लाल्ला इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा बसवावं लागलं.

त्यांच्या हातात काही जीव परत आला नाही. चौपायी काठी घेऊन त्या घरी गेल्या. आता खुर्चीत बसून सुनेकडून नवऱ्या सजवून घेतात आणि सुनेचा जीव नकोसा करतात. पूर्वेचा वारा सुटला की खांदा ठणकतो, आणि येईल त्याला त्या सांगतात, हे त्या रहीमूचं देणं. रहीमू लेखी परीक्षेत काठावर सुटली. तिला समुद्राकडच्या, मार्तीलच्या एका दवाखान्यात काम मिळालं. तिथेही ती दोन आजाऱ्यांच्या मधल्या वेळात टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालते, आणि तिथली डॉक्टरीण म्हणते, “बाई, जरा बस.”

शुक्रवारी कुसकुस जेवायला ती लाल्लांकडे जाते. जेवण झालं की त्यांचा खांदा तपासते. तो हात खालून तोलून धरते आणि थांबते. लाल्लांची बडबड चालूच असते. ती बडबड मध्येच अडखळेपर्यंत रहीमू हात वर नेत राहते, आणि अडखळली की तिथेच थांबते.